अर्धीच गोष्ट सांगितलीत

अमेरिकन यादवी युद्धावरच्या लेखात उत्तरेच्या हेवी आर्टिलरीच्या (जड तोफखान्याच्या) स्वयंसेवक रेजिमेंटी ‘वॉशिंग्टनच्या तटबंदीत आरामात बसून होत्या’ असं लिहिलंय, ते वाचून फार वाईट वाटलं. १८६४च्या वसंतापर्यंत ते खरं. पण पुढचं?

मेन राज्याच्या फर्स्ट मेन हेवी आर्टिलरीचंच बघा. ऑगस्ट १८६२मध्ये बँगोरला ती उभी राहिली पायदळ म्हणून, अठरावी मेन. जानेवारी १८६३मध्ये तिची हेवी आर्टिलरी झाली. बारा कंपन्या, त्यामुळे माणसं नेहमीच्या रेजिमेंटपेक्षा कितीतरी जास्त. मे १८६४मध्ये उत्तरेच्या सरसेनापती ग्रँटला माणसं कमी पडू लागली आणि या गोलंदाजांना किल्ल्यांतून काढून, हाती रायफली घेऊन, पायदळ म्हणूनच पुढे धाडलं. १९ मे, व्हर्जिनियातलं हॅरिस फार्म, त्यांची पहिलीच मोठी लढाई. एका संध्याकाळी साडेचारशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली.

आणि महिन्याभरात व्हर्जिनियातलंच पीटर्सबर्ग. १८ जूनला सुमारे ९०० जण उघड्या शेतातून शत्रूच्या खंदकांकडे धावले. आजूबाजूच्या, आधीच पोळलेल्या तुकड्या पुढे आल्याच नाहीत, त्यामुळे समोरून आणि बाजूंनी सगळा मारा यांच्यावरच. जेमतेम दहा मिनिटांत ६३२ जण पडले. त्या अख्ख्या युद्धात एका लढाईत एवढी हानी दुसऱ्या कुठल्याच रेजिमेंटची झाली नाही. रेजिमेंटचे कर्नल डॅनियल चॅपलिन त्यातून वाचले, पण ऑगस्टमध्ये डीप बॉटमच्या लढाईत जखमी होऊन वारले.

लेखात दुरुस्ती करणार असाल तर निदान या दोन तारखा तरी घाला, ही कळकळीची विनंती.