राडारोडा टाकू इच्छिणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात मी आमच्या न्हाणीघराच्या फोडलेल्या फरश्या पोत्यांत भरून, टेम्पोचे भाडे मोजून, पुण्यातल्या वाघोलीच्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पापर्यंत पोचवल्या. परवा सकाळी उठून पाहतो तो आमच्या सोसायटीमागच्या ओढ्याच्या काठावर कोणा सज्जनाचे अख्खे न्हाणीघर, गुलाबी कमोडासह, रात्रीतून येऊन विसावलेले. माझी चूक तेव्हा माझ्या लक्षात आली. आपल्या हातून ती होऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन.

माल कुठे टाकणार, असे ठेकेदाराला चुकूनही विचारू नये. ‘साहेब, आपली ठरलेली जागा आहे,’ असे तो म्हणाला की समाधानाने मान डोलवावी.

टेम्पो रात्री अकरानंतरच बोलवावा.

विटा, लाकूड, रंगाचे डबे आणि वर कालची खरकटी भाजी, असे सगळे एकाच पोत्यात कोंबावे. हे वेगवेगळे ठेवावे असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच सांगितले होते आणि तसे ठेवले तर काँक्रीट-विटा दळून त्यांची खडी आणि पेव्हर ब्लॉक होतात. पण आपल्या इटालियन फरशीची खडी व्हावी, हा अपमान कोणी सहन करावा? शिवाय त्या नियमांत व्यवस्थापनाचा आराखडा देण्याचे बंधन दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन वा अधिक कचरा करणाऱ्यांना होते. आपली जेमतेम तीस पोती, तेव्हा आपल्याला कोणताच नियम लागू नाही, असा सोयीचा अर्थ काढावा.

जागा म्हणून ओढा उत्तम, कारण पाणी सगळे वाहून नेते अशी आपली श्रद्धा आहे. प्रत्यक्षात काँक्रीट कुठेही जात नाही. ते तिथेच बसते, त्यावर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा टेम्पो रिकामा होतो, भरावावर पत्र्याची शेड उभी राहते, पात्र आक्रसते, आणि जायला वाट उरली नाही की पाणी घरात येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात पाऊस भयंकर होता हे खरेच. पण आंबिल ओढ्याचे पात्र आपण मोकळे ठेवले होते काय? माणसे वाहून गेली. आपण दोन दिवस हळहळलो, प्रशासनाला शिव्या घातल्या आणि दिवाळीपूर्वी घर नवे दिसावे म्हणून पुन्हा फरश्या फोडायला घेतल्या.

गुलाबी कमोडाचे मालक, न्हाणीघरावर लाखो रुपये उधळून तुम्ही टेम्पोची एक खेप वाचवलीत. ही काटकसर नव्हे, हा निर्लज्जपणा आहे. त्या ढिगात तुमच्या नव्या शॉवरचे खोके आहे आणि त्यावर तुमचा घरपोच पत्ता चिकटवलेला आहे. रविवारपर्यंत येऊन सगळे उचला.