दाजी, चाळणी घरीच ठेवा

आमचा भाचा नोकरीनिमित्त घानात, टेमा बंदराजवळ राहतो. डिसेंबरात ताई आणि दाजी त्याच्याकडे निघालेत, तिकिटंही झाली. परवा दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि दहा मिनिटांत ताईचा फोन आला. "अरे, हे माझी पिठाची चाळणी बॅगेत कोंबायला निघालेत. तिथे म्हणे मातीत सोनं सापडतं!"

फॉरवर्ड तुमच्याकडेही फिरत आलाच असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. घानाच्या जंगलात 'बेघो' नावाची अकान लोकांची पाच हजार वर्षांपूर्वीची राजधानी आहे. ती वसवली मात्र आपल्या भृगू ऋषींच्या वंशजांनी, कारण बेघो म्हणजे भृगू. तिथले राजवाडे अजून उभे आहेत. १४८२ साली पोर्तुगीजांनी शहर लुटलं, पण पावसानंतर तिथल्या मातीत आजही सोन्याचे कण चमकतात आणि ते 'कोणीही जाऊन वेचू शकतो'. सोबत एका भव्य मातीच्या वास्तूचा फोटो.

फोटोपासूनच घ्या. ती जेनेची मशीद आहे. माली देशातली, आणि आजची इमारत १९०७ सालची. मालीची हद्द घानाला लागतसुद्धा नाही.

पाच हजार वर्षं? १९७० च्या दशकात मेरिक पोझनान्स्की या पुरातत्त्वज्ञाने लेगॉनच्या घाना विद्यापीठातर्फे बेघोत अनेक हंगाम उत्खनन केलं. त्यातल्या सगळ्यात जुन्या तारखा इसवी सन १००० ते ११०० च्या आसपास जातात. गाव भरभराटीला आलं ते त्यानंतर काही शतकांनी. म्हणजे आपल्या यादवांच्या काळात ते उभं राहत होतं. एवढं जुनं पुरत नाही का?

राजधानीही नव्हे. बेघो ही व्यापाराची पेठ होती. त्या भागातल्या अकान लोकांच्या बोनो राज्याची राजधानी होती बोनो मान्सो, टेचिमानजवळ. ती १७२२-२३ च्या सुमारास अशांती या दुसऱ्या अकान राज्याने जिंकली. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला तो एल्मिनाचा किल्ला, समुद्रकाठी. बेघो तिथून शेकडो किलोमीटर आत, काळ्या व्होल्टा नदीच्या दक्षिणेला, जिथे जंगल संपून गवताळ मुलूख सुरू होतो तिथे. ते लुटायला पोर्तुगीज पोचले कधी?

भृगूंबद्दल काय बोलायचं! नावं जुळवूनच इतिहास लिहायचा तर टोकियो हे तुकोबांचं गाव ठरेल. स्थानिक लोक त्या जागेला 'ब्यू' म्हणतात, जुन्या लिखाणात 'बिघू' असंही येतं. त्यात ऋषी कुठून आले? या गमतीखाली एक घाण समज आहे. आफ्रिकेतल्या माणसांना स्वतःहून गाव वसवता येत नाही, कोणीतरी बाहेरून यावं लागतं, हा तो समज. आपण इंग्रजांच्या तोंडून स्वतःबद्दल हेच ऐकलंय, तरी दुसऱ्याला ऐकवताना आपली जीभ अडखळत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. बाहेरचे लोक तिथे होते. मालीकडून आलेल्या मांदे भाषिक मुसलमान व्यापाऱ्यांची तिथे वेगळी वस्ती होती. तिचं नाव 'क्रामो', आणि अकान भाषेत क्रामो म्हणजेच मुसलमान. पण सगळ्यात मोठी वस्ती ब्राँग, म्हणजे तिथल्याच लोकांची. कारागिरांची वस्ती निराळी, द्विनफुओर नावाची. तिथे पितळ वितळवायच्या मुशी शेकड्यांनी सापडल्या. सूत कातायच्या चातीच्या मातीच्या चकत्या मिळाल्या, आणि खापऱ्या घासून गोल केलेल्या आणखी चकत्या. त्यातल्या काही सोनं तोलायची वजनं असावीत.

आता सोनं. दाजी, इथे नीट लक्ष द्या. सोनं बेघोच्या मातीत निघत नव्हतं, बेघोच्या बाजारात येत होतं. दक्षिणेच्या जंगलपट्ट्यातून सोनं आणि कोला फळं यायची, उत्तरेकडून मीठ, कापड, तांबं-पितळ. सौदा झाला की सोनं उत्तरेला जेने-टिंबक्टूच्या वाटेने रवाना. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे डोंगर दिसतात म्हणून तिथली फरशी उकरून हळद निघेल का? तुम्ही स्वतः चाळीस वर्षं तिथे हळद घातलीत, तुम्हाला मी काय सांगू!

आणि 'कोणीही वेचू शकतो' हे तर सरळ खोटं. घानाच्या २००६ च्या खाण कायद्याप्रमाणे छोट्या खाणकामाचा परवाना फक्त तिथल्या नागरिकांनाच मिळतो. विनापरवाना खाणकामाला तिकडे 'गलामसे' म्हणतात. त्याने नद्या गढूळ करून ठेवल्यात, म्हणून २०१९ मध्ये शिक्षा आणखी कडक झाली. शिवाय पुरातन जागेवर परवानगीशिवाय उकरणं हा वेगळाच गुन्हा. भाच्याचा वर्क परमिट तुमच्या चाळणीपायी जायला नको.

राजवाडे शोधू नका. घरं मातीची होती, ती चौकाभोवती कोसळून बसकी टेकाडं झाली. आपल्याकडे जुन्या गावाची पांढर असते ना, तसंच. मध्येच खापरं, वर गवत. माहिती नसेल तर शेजारून चालत जाल आणि कळणारही नाही.

तरी जायचं असेल तर जरूर जा. वेंचीच्या पश्चिमेला हानी नावाचं गाव आहे, अवशेष त्याच्या लगत. अक्राहून पोचायलाच दिवस जातो, तेव्हा मुक्काम धरा. गेल्या गेल्या टेकाडांकडे धावू नका, आधी गावच्या प्रमुखाकडे जायचं. रिकाम्या हाताने जात नाहीत, श्नॅप्स नावाच्या दारूची बाटली नेतात. ताईला आधीच सांगून ठेवा की ती तुमच्यासाठी नाही. मग गावातलाच कोणीतरी सोबत देतील. खापराचा तुकडा उचलून बघा आणि होता तिथेच ठेवा.

आणि तो फॉरवर्ड ग्रुपवरून काढून टाका. भिशीतल्या काकांनी सकाळीच मला विचारलंय, चाळणी कितव्या नंबरची लागते म्हणून.