झोंबणं वेगळं, गार लागणं वेगळं

घरगुती आफ्टरशेव्हच्या माझ्या लेखावर (माप असं होतं: निम्मी व्होडका, निम्मं गुलाबपाणी आणि तुरटी) 'पेठेतला गडी' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "तुमच्या मापानं केलं. तोंडावर गुलाबपाण्याचा सडा घातल्यागत वाटलं. मग व्होडका दुप्पट केली, तर बाटलीच्या तळाला पांढरी रेती बसली. झोंबलंच न्हाई तर ते आफ्टरशेव्ह कसलं? आमचा न्हावी नुसती तुरटी फिरवतो, ती बरी की! दोन थेंब अमृतधारा टाकली असती तरी झकास झालं असतं."

उत्तर लांबलं, म्हणून वेगळंच टाकतोय.

आधी रेती. ती चूक शंभर टक्के माझी. तुरटी पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये नाही. माझ्या मापात निम्मं गुलाबपाणी होतं, त्याच्या आधारानं ती कशीबशी तग धरून होती. तुम्ही व्होडका वाढवलीत आणि ती तळाला जाऊन बसली. खरं सांगायचं तर माझ्या बाटलीतही थोडा गाळ होता. मी हलवून वापरत राहिलो आणि लेखात लिहायचं टाळलं. ताज्या दाढीवर ते कण चोळणं म्हणजे गालाला पॉलिशपेपर लावणं.

सड्याचंही तुमचं बरोबर आहे. आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल 42.8 टक्के. त्यात तेवढंच गुलाबपाणी ओतलं की उरतं 21 च्या आसपास. त्यातून पावसाळ्याचे दिवस. जुलैत कोल्हापुरात रंकाळा तलावावरून फिरून आलं की अंगावरचा घाम वाळत नाही, तिथं गुलाबपाणी काय वाळणार? ते गालावर चिकटून बसतं. अल्कोहोलला हवेतल्या दमटपणाची तेवढी पर्वा नसते. ते उडतं आणि उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. म्हणजे आपल्या हवेत अल्कोहोल जास्तच हवं होतं, आणि मी नेमकं उलटं केलं.

पण "झोंबलं न्हाई तर आफ्टरशेव्ह कसलं" हे मात्र मला मान्य नाही.

कातडीत चटका ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन) असतो. एरवी तो साधारण 42 अंशांना जागा होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यालाच छेडतं. अल्कोहोल त्याची पायरी खाली आणतं, 34 अंशांच्या आसपास. म्हणजे कातडीची स्वतःची ऊबच त्याला चटका वाटायला लागते. ब्लेडनं सोललेल्या गालावर स्पिरिट लावलं की तुमचा जो 'स्स्स' निघतो, तो आणि तांबड्या रश्श्याच्या पहिल्या भुरक्याचा 'स्स्स' एकाच घरचे. त्यात गार काहीच नाही.

गार लागतं ते मेंथॉलनं, म्हणजे पुदिन्यात सापडणाऱ्या थंडाव्याच्या द्रव्यानं. त्याचा ग्राहक वेगळा, थंडी ओळखणारा. तो 2002 मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधला आणि त्या दोघांना 2021 चं नोबेल मिळालं. मेंथॉल गालाचं तापमान काही उतरवत नाही, फक्त थंडीची घंटा वाजवतं. तुम्हाला हवी असलेली तरतरी या दोन गोष्टींची आहे: उडणारं अल्कोहोल आणि किंचित मेंथॉल. झोंबणं म्हणजे बहुतेक वेळा हात जड पडल्याची पावती.

आता तुमच्या न्हाव्याकडे येतो. त्याचं बरोबरच आहे. तुरटी बाटलीत घालायचीच नाही. दाढी झाली की गार पाण्यानं तोंड धुवायचं, ओला खडा फिरवायचा, मिनिटभर थांबून परत धुवायचं. बारीक कापलं असेल तर रक्त तिथंच धरतं. शिवाय खडा जिथं चुरचुरतो, तिथं पातं दाबलं गेलं होतं हे कळतं. मला रोज हनुवटीखाली डाव्या बाजूला चुरचुरायचं. तिथले केस आडवे वाढतात आणि मी खालून वर ओढत होतो, हे वीस वर्षांनी कळलं.

मग बाटलीत 85 मिली व्होडका, 10 मिली गुलाबपाणी, 4-5 मिली ग्लिसरीन आणि पाव ग्रॅम मेंथॉल. काष्ठौषधीच्या दुकानात 'पुदिन्याचं फूल' म्हणा, सुयांसारखे खडे मिळतील. पाव ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. मी पुडी घेऊन गुजरीत ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यानं आधी पुडीचा वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं आणि एक ग्रॅम मोजून दिलं. घरी कागदावर त्याचे चार सारखे ढीग केले. एक ढीग आधी व्होडकात पूर्ण विरघळवायचा, गुलाबपाणी शेवटी. उलट केलंत तर मेंथॉल वर तरंगत राहील. आणि हौसेनं दोन ढीग टाकू नका, डोळ्यांतून पाणी येतं.

अमृतधारा नको. त्यात पुदिन्याच्या फुलाबरोबर कापूर आणि ओव्याचं फूल असतं, आणि ओव्याचं फूल सोललेल्या कातडीला भाजतं. लिंबूही पिळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट तर घरातसुद्धा आणू नका, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

तुमची ती रेतीवाली बाटली दोन दिवस हलवू नका. वरचं नितळ हळूच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या, गाळ टाकून द्या. नितळात थोडी तुरटी उरेल, पण ती टोचणार नाही. नव्या मापाच्या बाटलीत पुढं थंडीत वरच्या बाजूला केसासारख्या सुया दिसल्या तर ते मेंथॉल समजा, आणि बाटली कोमट पाण्यात धरा. गॅसजवळ मात्र नेऊ नका. मूळ लेखातलं माप आज दुरुस्त केलंय, आणि कुणामुळे तेही तिथं लिहिलंय.