बापाचं नाव मुलाला की मुलाचं बापाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

वेल्श कवी गोरोनवी ओवेनच्या घराण्यावरचा लेख आपण इतका बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. 'जरा गृहपाठ करून लिहावे' हा टोलाही पोचला. आपले आक्षेप तीन आहेत. वडील ओवेन ग्रोनू आणि मुलगा गोरोनवी ओवेन, म्हणजे मी नावांची उलटापालट केली. घराणं सोनारांचं असताना मी ते कल्हईवाल्यांचं केलं. आणि कवीला ऑक्सफर्डची पदवी परस्पर देऊन टाकली.

तिसऱ्यात मी सपशेल चुकलो. १७४२ साली त्याचं नाव जीझस कॉलेजात दाखल झालं, पण तो तिथे फारसा टिकला नाही आणि पदवी काही घेतली नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

नावांचं मात्र तसं नाही. त्या काळी वेल्समधल्या सामान्य घरांत आडनाव नावाची वस्तूच नव्हती. स्वतःचं नाव, पुढे बापाचं, संपलं. ग्रोनू हे गोरोनवीचंच बोलीतलं रूप. आजोबा गोरोनवी ओवेन, त्यांचा मुलगा ओवेन ग्रोनू, त्याचा मुलगा पुन्हा गोरोनवी ओवेन. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. पेशव्यांची नावं भट हे आडनाव न लावता म्हणून पाहा: बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव. बल्लाळ म्हणजे बाळाजीच, आणि आजोबांचं नाव नातवाला. इथे उलटापालट झाली असं कोणी म्हणत नाही! नानासाहेब १७२०चे, आपला कवी १७२३चा. दोघं जवळजवळ एकाच वयाचे.

आईच्या नावातही हेच दडलंय. शान पॅरी. पॅरी म्हणजे 'आप हॅरी', हॅरीचा मुलगा. हळूहळू 'आप'मधला 'प' पुढच्या नावाला चिकटला. पॉवेल, प्राइस, प्यू ही सगळी त्याच वाटेने आलेली. आणि लग्नानंतरही ती पॅरीच, कारण तिथे बायका माहेरचं नाव टाकत नसत. म्हणून अशा घरांची वंशावळ आडनाव धरून लावायला गेलं की दुसऱ्याच पिढीत वाट चुकते. गाव आणि धंदा धरून जावं लागतं. इथे गाव वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचं लानवायर मथावार्न ऐथाव.

आता धंदा. मूळ वेल्श शब्द 'ऐरिख'. त्यात 'ऐर' म्हणजे सोनं आहे, आणि जुन्या भाषेत त्याचा अर्थ सोनारच होता. आपल्या वाचनात आलेलं भाषांतर तिथूनच आलं असणार. पण पुढे गावोगाव हिंडून भांड्यांना डाग देणाऱ्यालाही हाच शब्द लागला. या घरात सोनं नव्हतं. कवीची आई शान ही वेल्श साहित्याचे अभ्यासक असलेल्या मॉरिस बंधूंच्या घरी कामाला होती. पुढे त्याच लुईस, रिचर्ड आणि विल्यम मॉरिसना गोरोनवीने लिहिलेली पत्रं त्याच्या आयुष्याचा मुख्य पुरावा ठरली. (वेल्श कागदांकडे संशयाने पाहावं हे मला मान्य आहे. त्याच शतकातल्या इओलो मॉर्गानुगने स्वतःच्या कविता मध्ययुगीन दाविद आप ग्विलिमच्या नावावर खपवल्या होत्या. ही पत्रं त्यातली नव्हेत.)

राहता राहिलं आडनाव. १७५७ साली पाद्री असलेला गोरोनवी पोटासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला निघाला. पत्नी एलिन आणि तान्हं मूल समुद्रातच गेलं. थोरला मुलगा रॉबर्ट वाचला. घरच्या रीतीने तो 'रॉबर्ट गोरोनवी' व्हायला हवा होता, पण परमुलखात तो रॉबर्ट ओवेनच राहिला. म्हणजे अमेरिकेतल्या वंशजांनी आडनाव म्हणून जे लावलं, ते अँगल्सीतल्या त्या डाग देणाऱ्या बापाचं पाळण्यातलं नाव. तेव्हा लेखातल्या वंशावळीच्या तक्त्यातली नावं मी आहेत तशीच ठेवतो आहे.