आडातच नाही, तर एचडीएमआयमध्ये कुठून येणार?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मावशी, पेन ड्राइव्ह तयार आहे. बायोस फ्लॅश करू का?" (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचं, पीसी सुरू करून देणारं मूळ सॉफ्टवेअर; फ्लॅश करणं म्हणजे ते नव्याने भरणं.) पठ्ठ्याने आयुष्यातला पहिला पीसी स्वतः जोडला होता. पंखे फिरत होते, दिवे लागले होते, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. उपाय त्याला मिळाला तो 'पीसी घेण्याआधी हे वाचाच' या मथळ्याच्या मेसेजमध्ये. हा मेसेज मलाही तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसून टाकला. चूकच झाली. तेव्हा आता बोलते.

मेसेजचं पहिलंच वाक्य: "मदरबोर्डला एचडीएमआय पोर्ट आहे म्हणजे बोर्डात ग्राफिक्स आहेच, प्रोसेसर कुठलाही घ्या."

नाही! तो पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल खुपसायची जागा, हा नुसता नळ. पाणी, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स, प्रोसेसरमधून येतं. एक कबूल करते, कारण करावंच लागेल: एके काळी हे वाक्य खरं होतं. १९९९च्या इंटेल ८१० पासून पुढे दहाएक वर्षं ग्राफिक्स खरोखरच बोर्डावरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांमध्ये, असायचं. '‌ऑनबोर्ड ग्राफिक्स' हा शब्द तिथलाच, तो अजून आपल्या तोंडातून जात नाही. पण २०१० साली इंटेलने ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये नेलं आणि २०११च्या सँडी ब्रिजपासून तर ते प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉनवर आलं. मेसेज लिहिणाऱ्याचं घड्याळ तिथेच कुठेतरी बंद पडलेलं दिसतंय.

भाच्याचा प्रोसेसर आय५ १२४००एफ. त्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ इंटेलच्या स्वतःच्या नामावलीत एका ओळीत दिलाय: वेगळं ग्राफिक्स कार्ड आवश्यक. आवश्यक, 'असल्यास बरं' नव्हे. एएमडीकडे रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. ७००० मालिकेत बहुतेकांना कामापुरतं दिलंय, पण तिथेही ७५००एफ निघालाच. बोर्ड बनवणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक कुठला प्रोसेसर बसवणार हे माहीत नसतं, म्हणून तो पोर्ट देऊन ठेवतो आणि मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात तळटीप टाकतो. ती कोण वाचतंय!

आता ज्या मुद्द्यामुळे माझं डोकं फिरलं तो. "डिस्प्ले येत नसेल तर बायोस अपडेट करा, बंद असलेलं ग्राफिक्स चालू होतं. आपल्या बोर्डाची फाइल मिळाली नाही तर त्याच चिपसेटच्या दुसऱ्या बोर्डाची चालते."

बायोस म्हणजे काय मंतरलेलं पाणी आहे का? १२४००एफ मधलं ग्राफिक्स कारखान्यातच कायमचं बंद करून आलेलं असतं. कुठलीही फाइल ते उठवू शकत नाही. ५६०० मध्ये तर उठवायलाही काही नाही. बायोस अपडेटने डिस्प्ले येतो अशी एक खरी परिस्थिती आहे: बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतर आलेला असेल, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. ते वेगळं दुखणं आहे, आणि त्यावरही औषध त्याच मॉडेलची, त्याच बोर्ड-कंपनीच्या साइटवरची फाइल. चिपसेट एक असला तरी दोन बोर्डांवरची वीजपुरवठ्याची मांडणी, नेटवर्क चिप, पोर्टांची जोडणी वेगळी असते. परकी फाइल बोर्डाने नाकारली तर नशीब. स्वीकारली तर बोर्ड पुन्हा सुरू होईलच असं नाही. आणि हे सगळं पडदा काळा असताना, मागचं फ्लॅशबॅकचं, म्हणजे पडद्याशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस भरणारं, बटण दाबून, आंधळेपणाने करायचं. धडधाकट बोर्डाचा बळी द्यायची याहून सोपी रीत मला तरी ठाऊक नाही.

गंमत म्हणजे बोर्ड बिचारा खरं सांगत होता. बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. भाच्याला विचारलं, कुठला लागलाय? "व्हीजीए." म्हणजे ग्राफिक्सचा दिवा. झालं की निदान!

मेसेजमधलं पुढचं: "इंटिग्रेटेड ग्राफिक्स अर्धी रॅम खातं." इंटिग्रेटेड म्हणजे प्रोसेसरमधलंच. ही अफवा कुठून आली तेही सांगते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून साधारण निम्म्या रॅमचा आकडा दिसतो. ती कमाल मर्यादा आहे, राखून ठेवलेली रॅम नव्हे. थोडी रॅम खरंच राखीव जाते, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर असलं ग्राफिक्स रखडतंही. तेवढं मान्य.

"दोन पोर्टांना दोन मॉनिटर लावले तर बोर्ड शॉर्ट होतो." पुढे चला.

"कार्ड असलं तरी केबल बोर्डालाच लावा, कार्डावरचा भार हलका होतो." उलट, चित्र कार्डाने काढायचं आणि मग ते बोर्डाच्या पोर्टापर्यंत वाहून आणायचं, म्हणजे हेलपाटा वाढला. दुसरा, साध्या कामाचा मॉनिटर बोर्डाला लावणं ठीक, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं, आणि कार्ड बसवल्यावर पुष्कळ बोर्ड ते आपोआप बंद करतात, तेव्हा बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. एफवाल्यांनी तर हा विचारच सोडावा.

भाच्याला माझ्याकडचं जुनं कार्ड दिलं. तासाभराने फोन: "मावशी, अजूनही नो सिग्नल." केबल कशात आहे, विचारलं. क्षणभर शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि लांबून, "आला, आला."