आकाशात खड्डे नसतात

विमानाला जोरात हादरे बसल्याची बातमी आली की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: आकाशात जागोजागी 'एअर पॉकेट' म्हणजे हवा नसलेल्या पोकळ्या असतात. विमान त्यांत शिरलं की दगडासारखं पडतं. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान असंच काही मिनिटांत ६,००० फूट कोसळलं. निरभ्र आकाशातल्या या पोकळ्या कुठल्याच यंत्राला दिसत नाहीत, आणि आपले शास्त्रज्ञ मात्र उपग्रहांच्या काळातही हवामानाचे फुगे सोडत बसलेत.

घरातलं कुणी पहिल्यांदा विमानात बसणार असलं की नेमका हाच मजकूर त्यांच्या फोनवर येतो. माणसं खरोखर घाबरतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पोकळीचं बघू. ३७,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक पंचमांश असतो. हवा विरळ आहे, पण आहे. तिच्यात क्षणभर निर्वात जागा झालीच, तर भोवतालची हवा लगेच धावून ती भरून टाकेल. विमान येईपर्यंत ती जागा टिकूच शकत नाही.

याहून पक्का पुरावा त्या सिंगापूरच्या विमानातच नोंदला गेला आहे. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं एसक्यू ३२१ हे विमान म्यानमारवर होतं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार ते तेव्हा बहुधा गडगडाटी ढग वाढत असलेल्या भागावरून जात होतं. वर चढणाऱ्या हवेने त्याला आधी उचललं. मग ४.६ सेकंदांत ते ३७,३६२ फुटांवरून ३७,१८४ फुटांवर आलं, म्हणजे १७८ फूट खाली. मजकुरातले ६,००० फूट वेगळेच आहेत. वैमानिकांनी विमान बँकॉककडे वळवलं आणि हादऱ्यांनंतर सुमारे १७ मिनिटांनी ते नेहमीच्या पद्धतीने ३७,००० वरून ३१,००० फुटांवर उतरवलं. त्याला कोसळणं म्हणत नाहीत.

आता त्याच अहवालातला एक आकडा पाहा. विमान सरळ उडताना त्यातलं उपकरण उभ्या दिशेचं त्वरण १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं, दाखवतं. विमान खरंच पोकळीत पडलं असतं तर ते शून्य दाखवलं असतं. आतली माणसं तरंगली असती आणि विमान त्यांच्याबरोबरच पडत राहिलं असतं. शून्याच्या खाली आकडा गेलाच नसता, कारण पोकळीत विमानाला खाली ढकलायला काहीच नसतं. प्रत्यक्षात ०.६ सेकंदात आकडा अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. सुटलेला दगड पडेल त्याहून जास्त जोराने विमान खाली रेटलं गेलं, आणि पट्टा न बांधलेली माणसं छतावर आदळली. इतका जोर फक्त हवाच लावू शकते. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण गंभीर जखमी झाले. १७८ फूट ऐकायला थोडे वाटले तरी ही घटना किरकोळ नव्हती.

पुढचा दावा असा की निरभ्र आकाशातल्या पोकळ्या, म्हणजे खरं तर हवेतली खळबळ, कुठल्याच यंत्राला दिसत नाही. तिरुपतीजवळ गादंकी नावाचं गाव आहे. तिथे अंतराळ विभागाची नॅशनल ॲटमॉस्फेरिक रिसर्च लॅबोरेटरी आहे, आणि तिच्या आवारात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून डोक्यावरच्या हवेचे थर वाचणारं एमएसटी रडार चालू आहे. पूर्वी दूरदर्शनसाठी गच्चीवर लावत त्याच जातीच्या १,०२४ यागी अँटेना तिथे एका मैदानात रांगांनी उभ्या आहेत. मुंबईत कुलाब्याच्या हवामान रडारची लहर सुमारे १० सेंटिमीटरची आहे, त्याला पावसाचे थेंब दिसतात. म्हणूनच रडारला ढगापलीकडचं दिसत नाही असा समज झाला असावा. गादंकीच्या रडारची लहर मात्र साडेपाच मीटरहून लांब आहे. हवा घुसळली गेली की थंड-गरम आणि कोरडी-ओली हवा एकमेकींत मिसळते, तिच्यातून रेडिओलहरी वाकण्याचं प्रमाण जागोजाग बदलतं, आणि पावणेतीन-तीन मीटर आकाराच्या या बदलांवरून अतिशय क्षीण प्रतिध्वनी परत येतो. त्याच्या वारंवारतेतल्या फरकावरून वारा कळतो आणि तो किती पसरट आहे यावरून खळबळीचा जोर कळतो. आकाशात ढगाचा ठिपकाही नसला तरी वीसेक किलोमीटरपर्यंतची हवा १५०-१५० मीटरच्या थरांत अशी वाचता येते.

फुग्यांची जी चेष्टा केली जाते तिचं उत्तर इथेच आहे. रडारला जोरदार प्रतिध्वनी आला म्हणजे तिथे खळबळ आहेच, असं नाही. तापमान एकदम बदलणारा, अगदी शांत आणि स्थिर थरही सरळ वर सोडलेल्या लहरी आरशासारखा परत फेकतो. उष्ण कटिबंधात १६-१७ किलोमीटरवर, उणे ८० अंशांच्या आसपास तपांबर, म्हणजे वातावरणाचा सर्वांत खालचा थर, संपतं. तिथे हे ठळकपणे दिसतं. शांत थर कोणता आणि घुसळलेला कोणता, हे ठरवायला त्या थराचं तापमान प्रत्यक्ष मोजावं लागतं. ते फुगा मोजतो.

फुग्याला टांगलेलं रेडिओसोंड, म्हणजे मोजमापं रेडिओने कळवणारं छोटं यंत्र, सेकंदाला सुमारे पाच मीटर वर चढतं आणि दर सेकंदाला नोंद पाठवतं. दाबाच्या फरकाचा हिशेब करून प्रत्येक नोंद एका पातळीला आणली की शांत हवेत हलकी हवा वर आणि जड खाली, अशी क्रमाने लावलेली दिसते. जिथे जड हवा हलक्या हवेच्या वर सापडते, तिथे उलथापालथ चालू आहे. नोंदी क्रमाने लावताना प्रत्येक नोंद किती मीटर सरकवावी लागली, यावरून त्या उलथापालथीचा आकार मिळतो. ही पद्धत ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ थॉर्प यांनी १९७७ साली स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवराच्या पाण्यासाठी मांडली होती. हवेला ती लागू व्हायला पुढे काही दशकं लागली. ढगात मात्र हिशेब बदलतो. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून कोरड्या हवेचं गणित तिथे चुकतं आणि ओल धरून नव्याने करावं लागतं. ढगाखाली आणखी एक गोष्ट घडते. वरच्या ढगातून पडणारे हिमकण खालच्या कोरड्या हवेत विरतात, ती हवा गार आणि जड होऊन खाली ढासळते. म्हणजे डोळ्यांना ढग संपलेला दिसतो तिथे खळबळ संपलेली नसते. रडार आणि फुगा एकाच वेळी वापरले तरच हे नीट उलगडतं.

उपग्रह आहेतच आणि ते लागतातच. पण त्यांच्या नोंदींतून निघणारं तापमान बहुतेक वेळा किलोमीटरभर किंवा त्याहून जाड थराची सरासरी असतं, आणि खळबळीचे थर पुष्कळदा शंभर मीटरहूनही पातळ असतात. मुंबई, नागपूर, पणजीहूनही फुगे सोडले जातात. आपल्या मान्सूनच्या डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला, तो अशाच फुग्यांच्या नोंदींवरून.

त्या मजकुरात एका गोष्टीला आधार आहे. वैमानिकासमोरचं रडार थेंब आणि गारा दाखवतं, निरभ्र हवेतली खळबळ नाही. गादंकीचं रडारही फक्त आपल्या डोक्यावरचं आकाश बघतं, म्यानमारवरून जाणाऱ्या विमानाला ते सावध करू शकत नाही. म्हणून पट्ट्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी पट्टा बांधूनच बसा, असं विमानात सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मजकुराऐवजी तेवढं सांगा.