सावलीतले सरसेनापती

१० मे २०२५, वार शनिवार, दुपारी चारचं ऊन. युद्ध चालू असताना शनिवारवाडा बघायला जाण्यात शहाणपण नाही हे मान्य. पण मेहुणा पठाणकोटला, सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता, आणि बायकोला घरात बसवत नव्हतं.

दिल्ली दरवाज्यावरचे हत्ती अडवणारे खिळे बघून झाले. आत शिरताच चिरंजीवांनी तोंडानं सायरन वाजवला. बुधवारच्या मॉकड्रिलपासून त्याला हा नाद लागलाय.

"बंद करा ते!" झाडाखालच्या बाकावरून गर्जना झाली.

बाक तिघांचा. त्यावर एक काका, त्यांची छत्री आणि त्यांची पिशवी.

"सायरनचे आवाज वापरू नका म्हणून केंद्रानं आजच वाहिन्यांना बजावलंय. वाचता का काही?"

हे त्यांना ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांच्या मोबाइलमधला निवेदक त्या वेळी कराची बुडवत होता.

"तिकडे जवान लढतायत आणि तुम्ही सहलीला?"

"काका, तुम्हीपण इथेच आहात की."

"मी रोज येतो."

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

"पिशवी जरा सरकवता का?" बायकोनं विचारलं. उत्तरादाखल इतिहास आला. "५ नोव्हेंबर १८१७! खडकीला लढाई पेटली आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत बसले. १७ तारखेला या वाड्यावर इंग्रजांचं निशाण! कशामुळे? बघत बसल्यामुळे!" एवढं बोलून ते पुन्हा मोबाइल बघत बसले. पिशवी तिथेच.

गेले चार दिवस हेच चाललंय. लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, सोसायटीच्या ग्रुपवर, ज्याला त्याला माझं देशप्रेम तपासायचंय. ग्रुपवर तर रात्री अकराला 'घुसून मारा' आणि सकाळी सातला 'पार्किंगमध्ये स्कूटर कोणी घुसवली?' ज्यांच्या घरातलं कुणी खरंच तिकडे आहे, ती माणसं मात्र गप्प. बायको काकांना भावाबद्दल अवाक्षर बोलली नाही. मी बोलणार होतो. तिनं कोपर मारलं.

वाडा फिरून, १८२८ च्या आगीतून उरलेले चौथरे तुडवून, पाय बोलायला लागल्यावर परत त्याच झाडाखाली आलो. साडेपाच वाजून गेले होते. मोबाइलमधला निवेदक अचानक अडखळला. शस्त्रसंधी.

"एवढ्यात?" काका म्हणाले.

बायकोनं पिशवी उचलली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाकावर बसून पुन्हा पठाणकोटचा नंबर लावला.